मुलाला शाळेत सोडून निघताना : पालकांशी थोडे मोकळेपणाने

दरवर्षी जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि आमच्या फाटकाशी तेच दृश्य पुन्हा दिसू लागते. पत्र्याची पेटी, सुतळीने बांधलेली वळकटी, नाव कोरलेले स्टीलचे ताट, तांब्या, आणि या सामानाच्या आडोशाला उभे असलेले सहा-सात वर्षांचे मूल. नावनोंदणी आटोपते, कागदपत्रांच्या झेरॉक्स दप्तरी लागतात आणि निघताना वडील हात जोडून म्हणतात, "गुरुजी, पोरगं आता तुमच्या पदरात टाकलं. मारा, झोडा, पण त्याला माणूस करा." आई काही बोलत नाही. मूल दुसरीकडे पाहत असल्याची संधी साधून ती फाटकाबाहेर पडते.

या शाळेत आणि त्यापूर्वी अन्यत्र मिळून आमची जवळजवळ तीस वर्षे प्राथमिक वर्गांसमोर गेली. वडिलांचे ते वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. प्रारंभी ते ऐकून ऊर भरून येत असे. आता मात्र मन अस्वस्थ होते. त्या वाक्यात विश्वास आहे आणि तो मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच वाक्यात आपले पालक स्वतःचा एक हक्क नकळत सोडून देत असतात. तो हक्क आहे विचारण्याचा.

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा गौरव व्हावा, संस्थापकांच्या कष्टांचे स्मरण व्हावे, हे योग्यच आहे. ते इतर लेखांतून होईल. आम्हांला या निमित्ताने पालकांशी आणि समाजातील जाणत्या मंडळींशी थोडे वेगळे बोलावयाचे आहे. आपले मूल शाळेत नेमके कसे जगते, याची माहिती आपल्या पालकांना फार थोडी असते, आणि ती थोडी असण्यास आम्ही शिक्षकही जबाबदार आहोत, असे आमचे प्रांजळ मत आहे.

आठशे तास आणि बाकीचे तास

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. निवासी शाळेतील मूल सुट्या वगळता सुमारे दहा महिने आमच्याकडे असते. म्हणजे ढोबळमानाने ३०० दिवस, ७,२०० तास. त्यांतले ८०० तास वर्गातले. याचा अर्थ असा की, नऊ तासांतला एक तास मूल फळ्यासमोर असते आणि उरलेले आठ तास अंघोळीच्या रांगेत, भोजनगृहात, मैदानावर, अंथरुणात, आजारात आणि एकटेपणात जातात.

पालक आम्हांला विचारतात ते मात्र त्या एका तासाविषयी. "अभ्यासात कसा आहे?" "पहिला नंबर येईल का?" उरलेल्या आठ तासांविषयी प्रश्न आला तर तो एवढाच असतो, "जेवतो का नीट?" आम्ही "जेवतो" म्हणतो आणि संवाद संपतो.

प्राथमिक वयातील मुलाची जडणघडण या उरलेल्या आठ तासांतच अधिक होते. पहाटे उठविताना हाक कोणत्या आवाजात येते, थंडीत अंघोळीला कोमट पाणी मिळते की हौदातले गार, वाढपी पातेल्याच्या तळातली डाळ कोणाला वाढतो आणि वरचे पाणी कोणाला, रात्री शौचालयाकडे जाण्याच्या वाटेवर दिवा आहे की नाही, यांवरून मूल आपली किंमत ठरवीत असते. आम्ही परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणवून घेतो. "दर्जाची व संधीची समानता" हे शब्द सहा वर्षांच्या मुलाला पाठ होतात. त्यांचा अर्थ मात्र त्याला भोजनगृहातल्या पंक्तीत कळतो, किंवा कळत नाही.

गोणपाटाचा धडा

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे एका शाळकरी मुलाच्या दिनक्रमाची आठवण होते. साताऱ्याच्या शाळेतील भीमराव इतर मुलांत बसू शकत नसे. बसण्यासाठी त्याला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि शाळा सुटल्यावर ते घरी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तहान लागली तरी त्याने नळाला हात लावावयाचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या आठवणी लिहिताना कोणत्या धड्यात किती गुण मिळाले हे लिहिले नाही. त्यांनी गोणपाट आणि नळ लिहिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या माणसाच्या स्मरणात प्राथमिक शाळेचे जे उरले ते हे होते.

त्या काळी शाळेची दारे आपल्यासाठी कशी उघडली याचा इतिहास आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तेव्हा तो नाकारण्यात आला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले. हा सारा इतिहास दाराबाहेरच्या लढ्याचा आहे आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे.

परंतु बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नव्हते. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. शाळेत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू आहे, असा त्यांचा मुद्दा होता. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण मिळाले, असे त्यांनी मानले नाही. दाराच्या आत काय घडते, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आपण दारे उघडल्याच्या आनंदात मागे टाकला.

रामजी सुभेदारांचेही येथे स्मरण केले पाहिजे. परळच्या चाळीतील एका खोलीत ते मुलाला रात्री लवकर निजवीत आणि स्वतः जागे राहून पहाटे दोनला अभ्यासासाठी उठवीत. मुलाला पुस्तक हवे म्हणून लेकीचा दागिना मागून घेऊन गहाण टाकीत. या गोष्टी आपण जयंतीला सांगतो तेव्हा त्यागावर भर देतो. आमच्या दृष्टीने त्यांत आणखी एक गोष्ट आहे. आपले मूल कोणते पुस्तक वाचते, केव्हा झोपते, शाळेत त्याचे काय होते, हे त्या पित्याला ठाऊक होते. शाळेत घातले आणि जबाबदारी संपली, असे त्यांनी केले नाही.

आम्ही पाहिलेले, आणि आमच्याकडून झालेले

उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा हिशेब द्यावा, म्हणून दोन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग आमच्या नोकरीच्या सुरुवातीचा, दुसऱ्या एका वसतिगृहातला. दुसरीतला एक मुलगा रात्री अंथरूण ओले करीत असे. तेथील पद्धत अशी होती की, अशा मुलाने सकाळी सर्वांच्या रांगेसमोरून आपली सतरंजी डोक्यावर घेऊन वाळवणीच्या तारेपर्यंत जावे. लाज वाटली की सवय सुटेल, असा समज. आम्ही तेव्हा नवे होतो. काही बोललो नाही. पुढे आमच्या ध्यानात आले की, तो मुलगा दुपारनंतर पाण्याला तोंडच लावीत नाही. मैदानावर खेळत नाही, कारण खेळले की तहान लागते. वर्गात त्याला ग्लानी येई आणि शिक्षक त्याला "मठ्ठ" म्हणत. दोन महिन्यांनी त्याचे वडील भेटीला आले. त्यांनी विचारले, "अभ्यासात कसा आहे?" आम्ही म्हणालो, "जरा मागे आहे." वडिलांनी आमच्यासमोर मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला, खाऊचा पुडा त्याच्या हातात दिला आणि ते शेवटची एसटी गाठण्यासाठी निघून गेले. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा परत आला नाही.

त्या वडिलांनी एवढेच विचारले असते, "रात्री झोपतो का नीट?", तर कदाचित आम्हांला खरे सांगण्याचा धीर झाला असता. आणि आम्ही न विचारता सांगितले असते तर तो मुलगा आज कोठे असता, हा प्रश्न आम्हांला अजून सोडीत नाही. साताऱ्याच्या शाळेत नळाला कुलूप जातीचे होते, आमच्या वसतिगृहात लाजेचे. तहानलेले मूल दोन्हीकडे सारखेच.

दुसरा प्रसंग आपल्याच शाळेतला, आणि तो लिहिताना संकोच वाटतो. शयनकक्षातून एका मुलाचा नवा पेन हरवला. मुले गोळा झाली. कोणी काही बोलण्यापूर्वी सर्वांची नजर पारधी समाजाच्या एका मुलाकडे वळली. ती केवळ मुलांची नजर नव्हती, आमचीही होती. आम्ही त्याची पेटी उघडावयास सांगितली. एका शब्दाचाही प्रतिवाद न करता त्याने ती उघडली. जणू असे होणार हे त्याला ठाऊकच होते. पेन दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याच्याच दप्तराच्या फाटक्या अस्तरात सापडला.

१८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्यास सुरुवात केली. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला. आम्ही एम. ए. ला हा विषय अभ्यासिला आहे, वर्गात शिकविला आहे. तरीही ती पेटी उघडण्यास आम्हीच सांगितले. बुद्धवंदना म्हणणाऱ्या, पंचशील घेणाऱ्या शाळेतही जात आपोआप गळून पडत नाही. ती नजरेत लपून बसते. आम्ही दुसऱ्या दिवशी सर्व मुलांसमोर त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने मान हलविली. त्याच्या आईवडिलांना हा प्रसंग आम्ही फोन करून सांगितला, तेव्हा वडील म्हणाले, "गुरुजी, आमच्यासंगं हे कायमच होतं. पर सांगितलं कुणीच नव्हतं." आम्हांला त्या क्षणी कळले की, सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे आणि ते आपण किती सहज टाळतो.

पालकांना ठाऊक असावे असे

मूल नवे असते तेव्हा पहिले पंधरा-वीस दिवस कठीण जातात. दिवसा ते रमते, दिवेलागणीला त्याचा चेहरा उतरतो. हा आजार नव्हे, हट्टही नव्हे. अशा वेळी "रडलास तर गुरुजी मारतील" अशी भीती फोनवरून घालू नये. "उद्या येते हं" असे खोटे आश्वासन तर मुळीच देऊ नये. मूल तो उद्याचा दिवस फाटकाकडे पाहत काढते. जो दिवस येणे शक्य आहे तोच सांगावा आणि त्या दिवशी यावेच. आणि शाळेत सोडताना त्याची नजर चुकवून निघून जाऊ नये. निरोप घेतल्याने मूल दहा मिनिटे रडते. न सांगता गेल्याने ते कित्येक दिवस प्रत्येक माणसावर संशय धरते.

घरच्या बोलीविषयीही पालकांनी जागरूक असावे. आपले मूल "पानी" म्हणते आणि पुस्तकात "पाणी" असते. जो शिक्षक त्यावर हसतो तो त्या मुलाच्या आईच्या तोंडावर हसतो, असे आम्ही मानतो. प्रमाण मराठी मुलाला आली पाहिजे, कारण परीक्षा आणि नोकरी तिच्यात आहे. परंतु ती घरच्या बोलीवर पाय देऊन येऊ नये, तिच्या शेजारी येऊन बसावी. सुटीत घरी आलेले मूल आजीला "तसं नाही, असं म्हण" म्हणून टोकू लागले तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी, त्याला शाळेत कोणी टोकते का, हे विचारून पाहावे.

पुढील वर्गात गेले म्हणजे वाचता आले, असेही समजू नये. घरी आल्यावर त्याच्या हाती वर्तमानपत्र द्यावे, औषधाच्या खोक्यावरचे नाव वाचावयास सांगावे. पालकांना स्वतःला वाचता येत नसले तरी मूल अडखळते की सरळ वाचते, हे कानाला कळतेच. तिसरीच्या मुलाला साध्या दोन ओळी वाचता येत नसतील तर तो दोष मुलाचा मानू नये. तडक आमच्याकडे यावे आणि आम्हांला विचारावे.

अंगावरच्या खुणाही पाहाव्यात. बोटांच्या बेचक्यांतील खरूज, डोक्यातील उवा, कोरडी जीभ, आणि मार. २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. म्हणून "मारा, झोडा" ही परवानगी कोणीही शिक्षकाला देऊ शकत नाही, आईबापसुद्धा नाहीत. मूल एखाद्या विशिष्ट माणसाचे नाव निघताच गप्प होत असेल, सुटीनंतर परत येण्यास एकाएकी नकार देत असेल, तर त्याला रागावू नये. त्याचे ऐकावे. शाळा ऐकत नसेल तर १०९८ या क्रमांकावर बालकांसाठी मोफत मदत मिळते, हा क्रमांक मुलालाही पाठ असावा. आमच्या शाळेविरुद्ध तक्रार करण्याचा मार्ग आम्हीच का सांगतो, असे काहींना वाटेल. ज्या शाळेला हा क्रमांक सांगण्याची भीती वाटते, त्या शाळेविषयी पालकांनीच भीती बाळगावी, एवढेच आमचे उत्तर आहे.

दोन आक्षेप

आमच्या या मताला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

काही सहकारी म्हणतात, पालक प्रश्न विचारू लागले तर शिक्षकाचा वचक राहणार नाही आणि जो तो येऊन व्यवस्थेत खोट काढील. खरे आहे, काही प्रश्न अडाणीपणाचे असतील, काही रागाचे असतील. शिक्षकाचा वेळही मोडेल. परंतु पालकांच्या मौनावर उभा असलेला वचक हा आदर नव्हे. शहरातील महागड्या शाळांमध्ये पालक डब्यातल्या भाजीपासून बसच्या वेळेपर्यंत सर्व काही विचारतात आणि तेथे कोणी त्यांना कृतघ्न म्हणत नाही. मग कोयता घेऊन राबणाऱ्या आईने विचारले तरच तो उद्धटपणा कसा ठरतो? कायद्यानेही पालकांना हा अधिकार दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. अनुदानित शाळांत या समितीचे काम सल्ला देण्यापुरते असले तरी सल्ला देण्यासाठी आधी माहिती असावी लागते. केवळ हजेरीपटावर अंगठा उमटविण्यासाठी समिती नसते.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो अधिक खरा आहे. ते म्हणतात, "गुरुजी, यायचं कसं?" आमचे निम्मे पालक दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो, एक दिवस खाडा झाला तर तो त्यांच्या अंगावर पडतो. मार्च-एप्रिलपर्यंत ते परतत नाहीत. जे गावात आहेत त्यांचीही एक दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पालकसभेला बोलवावयाचे आणि तो आला नाही की "पालक उदासीन आहेत" असा अहवाल लिहावयाचा, हा आमच्या खात्याचा जुना रिवाज आहे. आम्हीही असे अहवाल लिहिले आहेत. उदासीन ते नव्हते. आमची वेळ चुकली होती.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, वर्षातील मुख्य पालकसभा दसऱ्यापूर्वीच्या रविवारी, गाड्या कारखान्याकडे निघण्याआधी व्हावी. ऊसतोडीच्या हंगामात आठवड्यातून एकदा, रात्री फडावरून परतल्यावर, प्रत्येक मुलाचे आईवडिलांशी बोलणे व्हावे आणि त्या वेळी शिक्षकाने जवळ उभे राहून ऐकू नये. भोजनगृह, शयनकक्ष आणि शौचालय पाहण्यास पालकांना केव्हाही मुभा असावी, फक्त उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. आणि आजार, भांडण, शिक्षा किंवा अन्याय यांपैकी काहीही घडले तर ते पालकाला शाळेकडूनच, त्याच दिवशी कळावे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

ही स्मरणिका हाती घेणारे अनेकजण याच शाळेतून शिकून गेलेले आहेत. कोणी बँकेत, कोणी महावितरणात, कोणी पोलीस दलात, कोणी परदेशी आहेत. आपण येता, पंखा देता, पाण्याची टाकी देता, त्यावर आईवडिलांचे नाव घालता. त्याबद्दल संस्था ऋणी आहे. आमची मागणी थोडी निराळी आहे. आपला एक रविवार द्यावा. ज्या मुलांचे आईवडील फडावर आहेत त्यांच्यासाठी पालक म्हणून यावे. मुलांच्या पंक्तीत बसून त्यांच्याच ताटात वाढलेले जेवावे. पाहुण्यांसाठी वेगळा स्वयंपाक होऊ लागला तर तो नाकारावा. एखाद्या मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकावे आणि मग आम्हांला प्रश्न विचारावेत. आपल्याला या भिंती ठाऊक आहेत. कोणत्या कोपऱ्यात मूल लपून रडते, हे तुमच्याइतके पाहुण्या अधिकाऱ्याला कळणार नाही.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. तेव्हापासून शंभर वर्षे आपला समाज वसतिगृहांच्या आधाराने शिकत आला आहे. आपल्या चळवळीने वसतिगृहाकडे केवळ निवाऱ्याची सोय म्हणून पाहिले नाही. गावाने जे नाकारले ते मुलाला तेथे मिळावे, ही त्यामागची दृष्टी होती: सर्वांबरोबर एकाच पंक्तीत जेवण, हाताला लागणारे पाणी, नावाने आणि प्रेमाने मारलेली हाक. ते मिळते की नाही, हे इमारतीच्या छायाचित्रातून कळत नाही. निकालाच्या टक्केवारीतूनही कळत नाही. ते मुलाला ठाऊक असते, आणि विचारले तरच ते सांगते.

तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. जो धम्म गुरूलाही पारखून घेण्यास सांगतो, त्या धम्माच्या नावाने चाललेल्या शाळेत पालकांनी हात जोडून गप्प उभे राहणे शोभत नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा पेट्या येतील, वळकट्या येतील. पालकांनी आमच्या हाती मूल द्यावे, विश्वासही द्यावा. फक्त निघताना ते जुने वाक्य म्हणू नये. त्याऐवजी एवढे विचारावे, "गुरुजी, रात्री हा कुठं झोपेल ते दाखवता का?" आम्ही बरोबर येऊ. मुलाचे बोट धरून आईनेही यावे, ते अंथरूण पाहावे, शेजारचा मुलगा कोण आहे त्याला नाव विचारावे, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवता येतो का ते पाहावे. मग मुलाला सांगून, त्याच्या डोळ्यांत पाहून, निरोप घ्यावा.

जय भीम.